गाडी नाय वाजत, रस्ता वाजतोय

गाडीचा आवाज तोंडानं काढून दाखवायची माणसाला लाज वाटते. मोठमोठे साहेब गॅरेजात येतात, आजूबाजूला कोणी नाही ना बघतात आणि हळूच म्हणतात, "ते जरा असं... कुईं... असं करतंय." मी मुद्दाम म्हणायचो, "परत करा बघू, नीट आला नाय." मग साहेब पुन्हा कुईं. अर्धं पेण मला असं गाऊन दाखवून गेलं आहे.

पण त्या कुईंवरून मला गाडी कळायची. कुईकुई म्हणजे रबराचा बुश सुकला. ब्रेक दाबल्यावर बारीक शिट्टी वाजली तर पॅड संपत आले, आणि शिट्टीची खरखर झाली तर संपूनच गेले, आता लोखंडावर लोखंड घासतंय. खड्ड्यात धप्पकन आपटली तर शॉकअप गेला. माझा बाप खाडीकडच्या मिठागरात कामाला होता. अनवाणी चालताना पायाखाली मीठ कसं चुरचुरतं, त्यावरून ते ओढायला झालं की नाही ते सांगायचा. तेव्हा कान आमच्या घरातलाच. मला त्याचा माज होता, कबूल करतो.

आणि माझं एक ठरलेलं वाक्य होतं. पेणहून वडखळ आणि वडखळहून नागोठणे ज्यानं गाडीनं केलं आहे त्याला रस्त्याबद्दल मी काय सांगायचं? इकडच्या माणसाला गाडी वाजली नाही तर चुकल्यासारखं वाटतं. त्यामुळे कोणी आवाज घेऊन आला आणि मला वेळ नसला, किंवा सरळ कंटाळा आला असला, की मी खांद्यावर फडकं टाकून म्हणायचो, "गाडी नाय वाजत, रस्ता वाजतोय." माणूस हसायचा, त्याच्या जिवात जीव यायचा, निघून जायचा. बऱ्याच वेळा ते खरंही असायचं. माझं वाक्य इतकं चाललं की नाक्यावरचे रिक्षावालेसुद्धा ते एकमेकांना ऐकवायला लागले.

माझा एक दोस्त होता, रोह्याचा. आयटीआयला आम्ही एका बाकावर. मी गाड्यांकडं गेलो, तो फ्रीज-एसीचं काम शिकून गल्फला गेला आणि अर्धं आयुष्य तिकडं काढून परत आला. आल्यावर त्यानं एक जुनी पांढरी गाडी घेतली. तिला काही झालं की चाळीस किलोमीटर माझ्याकडं यायचा. मी म्हणायचो, "का रे, रोह्यातले मेकॅनिक काय मेले?" तो म्हणायचा, "मेले नाय रे, पण ते हसवत नाय." मग चहा, मग शिव्या, मग कुठं गाडीचं काम.

त्या दिवशी तो आला तो गणपतीच्या आधीच्या महिन्यात. हे बाहेरच्याला समजायचं नाही म्हणून सांगतो. त्या महिन्यात हमरापूरकडचे मूर्तीवाले टेम्पो आमच्याकडं रांग लावून उभे असतात. घरचं सगळं माणूस वर्षभर राबून मूर्ती रंगवतं, आणि एका खराब शॉकअपनं मूर्तीच्या हाताला तडा जातो. तडा गेलेली मूर्ती कोण घेणार? म्हणून ह्या टेम्पोचं खालचं सगळं एक एक बघून द्यावं लागतं. आणि पेणच्या सगळ्या गॅरेजांत एक रीत आहे, कोणी घालून दिली माहीत नाही: मूर्तीची गाडी आधी. आमदार आला तरी मूर्तीची गाडी आधी. कोणी कुरकुर करत नाही.

दोस्तानं जीभ टाळूला लावून आवाज काढून दाखवला. "टक्. एकच. हळू असताना, उजवीकडं वळलो की डाव्या चाकाकडं. टक्." हुबेहूब काढला. त्याला लाज नव्हती.

मी म्हटलं, "बस जरा."

तो म्हणाला, "देवाची गाडी आधी कर. मी थांबतो."

दोन तास थांबला. दोन चहा प्याला, टेम्पोवाल्याशी मूर्तीच्या डोळ्यांवर गप्पा मारल्या. मग घरून फोन आला, त्याला निघायचं झालं. मी त्या टेम्पोखाली तिसऱ्यांदा शिरलो होतो, एक नट मला पटत नव्हता. त्यानं वाकून विचारलं, "बघतोस काय रे दोन मिनटं?"

मी टेम्पोखालूनच ओरडलो, "गाडी नाय वाजत, रस्ता वाजतोय! जा, गणपती झाले की ये."

तो हसला. जाताना दोनदा हॉर्न मारला.

आठव्या दिवशी नागोठणे-रोहा रस्त्यावरच्या भिसे खिंडीत, भर दुपारी, उजवीकडच्या वळणावर त्याच्या डाव्या चाकाचा बॉल जॉइंट निघाला. चाक आणि त्याच्या खालचा दांडा यांना जोडून ठेवणारी लोखंडी गोळी असते, लिंबाहून थोडी लहान. ती खोबणीतून निसटली की चाक आडवं पडतं, आणि मग स्टेअरिंग हातात असलं काय नि नसलं काय. गाडी दगडावर गेली. तो एकटाच होता. रोह्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच संपला.

चाक उचलून खाली टॉमी घातली, म्हणजे आमची लोखंडी पहार, आणि हलवून बघितलं, की गोळी ढिली आहे की नाही ते दहा मिनिटांत कळतं. दहा मिनिटं! मातीच्या देवासाठी मी तीनदा आडवा झालो आणि जित्या दोस्तासाठी एकदा नाही. हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल त्याला गणती नाही.

पण खरं पाप हे नव्हे. चूक कोणाकडूनही होते. पाप मी तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी केलं. त्यांच्या अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या, रोह्याची, पेणची माणसं बसली होती. त्याच्या एका चुलत्यानं साधंच विचारलं, "गाडी तुमच्याकडंच गेली होती ना मागच्या आठवड्यात?" त्यात आरोप काहीच नव्हता. पण चोराच्या मनात चांदणं. मी पटकन म्हणालो, "व्हय. मी खाली जाऊन बघितली होती. तेव्हा बॉल टाईट होता." सगळ्यांनी माना हलवल्या. तो म्हातारा चुलता म्हणाला, "अल्लाची मर्जी." दाराच्या पडद्याआड भाभी, म्हणजे दोस्ताची बायको, बायकांत बसली होती. पडदा हललासुद्धा नाही. मी चहा घेतला आणि घरी आलो.

त्यानंतर तो आवाज सुरू झाला.

आधी एका डॉक्टरांच्या गाडीत. टेस्ट घ्यायला निघालो, गल्लीच्या वळणावर टक्. मी दोन्ही बाजूचे बॉल जॉइंट काढून नवे टाकले. काढलेले हातात घेऊन बघितले तर कोऱ्यासारखे. मग एका शिक्षकाच्या गाडीत. मग वडापच्या जीपमध्ये. मग एसटीत बसलो तर एसटीत. घरी कपाटाचं दार लागलं तरी माझी मान डावीकडं वळायची. बायको म्हणाली, "कान दाखवून या आधी." पनवेलला कानाच्या डॉक्टरकडं गेलो. तो म्हणाला, वयाच्या मानानं कान फारच चांगले आहेत. घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "मग आता डोक्याचा बघायचा का?" चेष्टेनं म्हणाली, पण डोळे पुसत म्हणाली.

गिऱ्हाईक तुटलं. चांगले पार्ट काढून टाकणारा मिस्त्री कोणाला हवा? नाक्यावर म्हणायला लागले, ह्याला झपाटलंय, त्या खिंडीतलं काहीतरी लागलंय. मी त्यांना शिव्या घातल्या. खिंडीतलं काही नव्हतं. जे लागलं होतं ते मी अंगणात खुर्चीवर बसून स्वतःच्या तोंडानं लावून घेतलं होतं. तरी मी त्या खिंडीतून कधी गेलो नाही. रोह्याला जायची वेळ आली की कोलाडवरून वळसा घालायचो. दोस्ताच्या चाळिसाव्या दिवसाच्या दुव्याला गेलो नाही. भाभी मुलीला घेऊन माहेरी नागोठण्याला राहायला आल्या, मुलगी रोह्याजवळ धाटावला एका कंपनीत लॅबमध्ये लागली, हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळत गेलं. "रस्ता वाजतोय" हे वाक्य माझ्या तोंडातून पुन्हा निघालं नाही.

चार वर्षं अशी गेली. परत गणपतीच्या आधीचा महिना आला. माझ्याकडं आता मोजून दोन टेम्पो येत होते, जुन्या ओळखीचे. त्यातला एक घोडीवर चढवला होता, म्हणजे जॅकनं उचलून लोखंडी स्टँडवर ठेवला होता, तेवढ्यात एक करडी गाडी येऊन थांबली. चालवणारी बाई उतरली. भाभी होत्या. त्या गाडी चालवायला शिकल्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी पुढं झालो. पाना हातात तसाच.

"भाई," त्या म्हणाल्या, "आवाज येतोय."

"कसला?" मी विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

त्यांनी जीभ टाळूला लावली. "टक्."

दोस्त जसा काढायचा तसाच. नवरा-बायको एका घरात राहून एकमेकांसारखी बोलायला लागतात, तसं ते होतं.

"पोरगी रोज हीच गाडी नेते," त्या म्हणाल्या. "नागोठण्यावरनं धाटाव. खिंडीतनं. आज तिची सुट्टी हाय, उद्या फर्स्ट शिफ्ट."

टेम्पोवाला हमरापूरचा, वयानं मोठा माणूस. तो म्हणाला, "मिस्त्री, मूर्तीची गाडी आधी हां. संध्याकाळला मूर्ती भरायच्यात."

मी म्हणालो, "आज नाय."

"अरे, रीत हाय ना."

"रीत गेली खड्ड्यात!" मी इतक्या जोरात ओरडलो की पलीकडचा पंक्चरवाला बाहेर आला. टेम्पोवाल्यानं माझ्याकडं बघितलं, भाभींकडं बघितलं आणि मुकाट बाकावर जाऊन बसला. त्याला बहुतेक आठवलं असावं. त्या वेळचा टेम्पो त्याचाच होता.

आधी टेस्ट. भाभी चालवायला, मी शेजारी. वडखळच्या दिशेनं निघालो. पहिल्याच वळणाला टक्. पुढं खड्ड्यात हळू घेतली, टक्. मला काही कळत नव्हतं. आवाज गाडीत होता, की मी तो बरोबर घेऊन आलो होतो? एकेकाळी कुईंवरून गाडी सांगणारा मी, आणि आता शेजारच्या बाईला विचारायची पाळी आली.

"भाभी, आता आला काय हो आवाज?"

त्या समोर बघत म्हणाल्या, "मला येतो, भाई. पण मला सगळ्याच गाड्यांत येतो. भावाच्या गाडीत पण येतो. पोरगी म्हणते, अम्मी, काय वाजत नाय, तुझ्या डोक्यात हाय. म्हणून तर आणली तुमच्याकडं."

चार वर्षं मला वाटत होतं की हे फक्त माझ्याच वाट्याला आलं आहे. काय माणूस मी! स्वतःच्या कानाचे लाड करत बसलो, आणि तिकडं ही बाई तोच आवाज ऐकत गाडी चालवायला शिकली, पोरीला रोज त्याच खिंडीतून कामावर धाडत राहिली.

"चला परत," मी म्हणालो. "कानाचं काय खरं नाय. खाली जाऊन हातानंच बघतो."

गाडी उचलली, घोड्या लावल्या आणि मी आडवा झालो. उजवी बाजू आधी धरली. मुद्दामच. डावीकडं जायचं धाडस होईना. उजवीकडचं सगळं चाचपलं, बुश, लिंक, ब्रेकच्या पिना. सगळं टाईट. खालून मला भाभींच्या फक्त चपला दिसत होत्या, काळ्या, एका पट्ट्याला टाका घातलेला. त्या चपला माझ्या पायांजवळ उभ्या होत्या. समोर तोंड नव्हतं, डोळे नव्हते. असली बोलणी तोंड दिसत नसलं तरच होतात.

"भाभी," मी म्हणालो, "तेव्हा मी गाडीखाली गेलो नव्हतो."

चपला हलल्या नाहीत.

"अंगणात मी खोटं बोललो. मी बघितलंच नव्हतं. टेम्पोखालून ओरडून त्याला घालवला मी."

"माहीत हाय," भाभी म्हणाल्या.

वरून कसलं तरी ग्रीस कपाळावर टपकलं, ते पुसायचंसुद्धा सुचलं नाही.

"त्या दिवशी घरी आले तेच हसत आले," त्या म्हणाल्या. "म्हणाले, आज मिस्त्रीच्या पायांशी बोलून आलो. पायच बाहेर होते त्याचे. देवाची गाडी धरली की हा बाबा बाहेर येत नाय. जेवताना परत सांगितलं आणि परत हसले. तुम्ही अंगणात बोललात तेव्हा पडद्यामागं मी होते ना. सगळं ऐकलं."

"मग बोलला का नाय तुम्ही?"

"बोलून काय होणार होतं? आठ दिवस मी पण त्या गाडीत बसले होते, भाई. बाजारात गेलो, दवाखान्यात गेलो. टक् वाजायचं. मी म्हणायची, अहो, वाजतंय. ते म्हणायचे, मिस्त्री बोलला ना, रस्ता वाजतोय. आणि मी पण हसायची."

सगळं पेण हसलं होतं त्या वाक्यावर. ती दोघंही हसली होती, त्या गाडीत बसून.

"मग माझ्याकडं का आणलीत?" मी विचारलं. "नागोठण्यात काय मेकॅनिक नाय?"

"हायत. एकानं उभ्या उभ्या सांगितलं, मावशी, रस्ता खराब हाय, गाडी वाजणारच. मी म्हटलं, ह्याला अजून कळलेलं नाय. ज्याला कळलंय त्याच्याकडं जाऊ."

मी काहीतरी बोलायला गेलो. माफी मागायला असेल.

"माफीचं नंतर बघू," भाभी म्हणाल्या. आवाजात राग होता, आणि तो लपवायची त्यांना काही गरज वाटली नव्हती. "मी केलेलं नाय माफ. आधी डावी बाजू बघा."

मी सरकून डावीकडं गेलो. बॉल जॉइंटवर चार बोटं ठेवली. एका हातानं दोन्ही कामं जमेनात. "भाभी, ती टॉमी घ्या. चाकाखाली घाला आणि वर रेटा. हळू." त्यांनी ओढणी खोचली आणि टॉमी रेटली.

काही नाही.

"अजून."

त्यांनी जीव खाऊन रेटली आणि माझ्या बोटांखाली ती गोळी खोबणीत हलली. टक्. कानात नव्हे, बोटांत. परत रेटली, परत टक्. चार वर्षं तो आवाज माझ्याभोवती नुसता फिरत होता. आज तो कुठं आहे ते मला बोटानं दाखवता येत होतं.

"आला?" वरून भाभींनी विचारलं.

"आला. हाय, भाभी. खरंच हाय."

टॉमी खाली पडल्याचा आवाज झाला. मग त्या गाडीला टेकून रडल्या. मी खालीच राहिलो, त्यांना रडू दिलं.

गोळी फार सुटली नव्हती, पण सुटायला लागली होती. महिना काढला असता, दोन काढले असते, उद्याचीच फर्स्ट शिफ्ट निघाली नसती, कोणी सांगावं? बाजारातून नवीन आणली, बसवली, दोन्ही बाजूंना तीन-तीनदा टॉमी घालून बघितली. टेम्पोवाल्यानं आपण होऊन चहा आणला, तिघांसाठी.

मग परत टेस्ट, वडखळच्या दिशेनं. भाभी चालवायला, मी शेजारी. पहिलं वळण गेलं, शांत. दुसरं गेलं. पुढं रस्ता उखडलेला होता, तिथं गाडी हळू झाली.

टक्.

मी भाभींकडं बघितलं. त्यांचे हात स्टेअरिंगवर आवळलेले. त्यांनाही आला होता.

"बाजूला घ्या," मी म्हणालो.

पाऊस भुरभुरायला लागला होता, मागून ट्रकवाले हॉर्न मारत जात होते. मी जॅक लावला, घोडी टेकवली, ओल्या मातीत आडवा झालो, बोटं ठेवली. भाभींनी टॉमी रेटली. काही हललं नाही. उजवीकडं गेलो. काही नाही. परत डावीकडं. दगडासारखं घट्ट. बाहेर आलो तेव्हा पाठ चिखलानं भरली होती, केसांतून पाणी गळत होतं. मला सांगायचं होतं की गाडी ठीक आहे, पोरीला उद्या खुशाल जाऊ द्या. पण ते एकच वाक्य माझ्या तोंडात येत होतं, आणि ते मी मेलो तरी उच्चारणार नव्हतो.

भाभींनी माझ्याकडं बघितलं. मग पाठीवरच्या चिखलाकडं बघितलं, बराच वेळ.

"बसा, भाई," त्या म्हणाल्या. "आता रस्ता वाजतोय."

आणि त्यांनी गाडी गियरमध्ये टाकली.